बडनेऱ्याच्या पुढची रेघ

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींत भानुदास वानखेडे हा थोडा थट्टेचा विषय होता. मोटारी बनवणाऱ्यांच्या मुलखात राहायचं, मोटारींच्या सीटखालच्या ब्रॅकेट तपासून पोट भरायचं, आणि शिकागोला जायचं ते मात्र आगगाडीनं! बाकीचे सकाळी निघून जेवायच्या वेळेला शिकागोत डोसे खात बसत. हा गृहस्थ बायको-मुलीला घेऊन शेजारच्या बर्मिंगहॅम गावातल्या त्या बसथांब्याएवढ्या स्टेशनावर उभा राही. गाडी तासभर उशिरा येई, मालगाड्यांना वाट देत देत रखडे, दिवस सगळा त्यात जाई, आणि तरी उतरताना ह्याचा चेहरा असा, की जणू ह्यालाच काही बक्षीस मिळालंय.

गाडीत बसला की तो खिशातून साबणाच्या वडीहून जरा मोठा असा पिवळा जीपीएस काढी आणि खिडकीच्या काचेला चिकटवून धरी. डब्याच्या पत्र्यातून त्याला उपग्रह सापडत नसत, म्हणून हात अवघडला तरी काच सोडायची नाही. बायकोनं, प्रणितानं, पोळीभाजीची गुंडाळी करून दिली, तर ती दुसऱ्या हातानं खायची. कलामझू सोडलं की गाडी मोकळी सुटे. मग तो त्यावरचा वेग वाचून मुलीला हलवी, "उत्तरा, बघ, नाइंटी फाइव्ह!"

"यू सेड दॅट लास्ट टाइम, बाबा," उत्तरा पुस्तकातून मान न काढता म्हणे. ती तेव्हा नऊ वर्षांची होती आणि तिला आगगाडी म्हणजे फार हळू चालणारी गाडी एवढंच ठाऊक होतं.

घरी आल्यावर जीपीएस कॉम्प्युटरला जोडायचा. गूगल अर्थचा तो निळा गोल फिरत फिरत मिशिगनवर येऊन थांबायचा आणि त्यावर आज गेलो ती वाट लाल दोऱ्यासारखी उमटायची. भानुदास हात मागे बांधून तिच्याकडे बघत उभा राही. कमी बोलणारा माणूस. मापात बोलणारा, मापात हसणारा. पण त्या वेळी कुणी त्याला पाहिलं असतं तर वाटलं असतं, ह्याला गाता येत असावं.

हा नाद जुना. त्याचे वडील बडनेऱ्याला रेल्वेत पॉइंट्समन होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते वर ठरे, पण सांधा बदलायचा तो त्यांच्या हातांनी. भानुदास तिसरीत गेला तेव्हा त्यांनी त्याला एक जाड वही आणून दिली. "गाडीत बसला का लिवायचं," ते म्हणाले. "कुठून बसला, कुठं उतरला, इंजिनचा नंबर काय." पोरानं ते मनावर घेतलं. पुण्याला इंजिनियरिंगला गेला, तिथेच नोकरीला लागला, तरी वह्या चालूच. एकोणीसशे नव्व्याण्णवमध्ये अमेरिकेला आला तेव्हा बॅगेत ब्राउन पेपरचं कव्हर घातलेल्या सात वह्या होत्या. प्रणिता औरंगाबादची, बोलायला फटकळ. ती म्हणाली होती, "लोक लोणच्याच्या बरण्या नेतात. आपण इंजिनचे नंबर."

दोन हजार सहाच्या हिवाळ्यात, बाहेर बर्फ आणि आत वह्या, असं त्यानं ते काम काढलं. जेवण झालं की एकेक प्रवास नकाशावर चढवायचा. उपग्रहाच्या फोटोत रूळ केसाएवढे दिसत. त्या केसावर टिचक्या मारत मारत बडनेऱ्याहून अकोला, भुसावळ, मनमाड करत मुंबईला जायचं; मनमाडहून खाली दौंड, पुणे. प्रत्येक प्रवासाला तारीख, इंजिन आणि एखादी ओळ. जितक्या वेळा गेलो, तितकी रेघ जाड. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीनशे बारा प्रवास झाले. सगळ्या रेघा लाल.

फक्त एक निळी होती. बडनेऱ्याहून पूर्वेकडे नागपूरला जाणारी.

ते नऊ प्रवास त्यानं वेगळ्या कप्प्यात ठेवले होते. कप्प्याचं नाव 'दीक्षाभूमी'. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर ते शहाऐंशी, दर दसऱ्याला आई, वडील आणि तो. गाडीत पाय ठेवायला जागा नसे. अजनीला उतरून पायी जायचं, रात्री मैदानातच सतरंजी टाकून पडायचं. त्याची आई, राधाबाई, दरवर्षी तिथल्या दुकानांतून एक पुस्तक विकत घेई. तिला वाचता येत नव्हतं. येताना गाडीत ते भानुदासनं तिला वाचून दाखवायचं. एका प्रवासाखाली त्यानं लिहिलं होतं, "चांदूरपर्यंत उभे. येताना पुस्तक पुलगावला संपलं. आई म्हणाली, पुन्हा वाच."

दोन हजार सातच्या ऑगस्टमध्ये राधाबाई पहिल्यांदा अमेरिकेला आल्या. वडील जाऊन आठ वर्षं झाली होती. आल्याच्या दुसऱ्या दिवशी भानुदासनं त्यांना कॉम्प्युटरपुढे बसवलं आणि तो गोल बडनेऱ्यावर आणला. म्हातारीनं पहिल्यांदा काही ओळखलं नाही. मग तो म्हणाला, "माय, ही निळी नागपूरची." तशी त्यांनी चष्मा चढवला, बोट पडद्याला टेकवलं आणि हळूहळू उजवीकडे सरकवत नेलं.

"हे चांदूर. हे धामणगाव. इथं पुलगाव, इथं तू पाण्यासाठी रडला होता. वर्धा. सिंदी. मंग बुटीबोरी... अन् हे अजनी." पडद्यावर बोटाचा डाग उमटला. "तुह्या बापानं हे पाहाले पाहिजे होतं रे."

तो डाग भानुदासनं बरेच दिवस पुसला नाही. आणि तरीही पुढे जे केलं ते त्यानंच केलं.

त्याचं असं झालं. वानखेडे आडनाव असं, की त्यावरून ऐकणाऱ्याला काही नक्की कळत नाही. वऱ्हाडात चार प्रकारचे वानखेडे असतात. ट्रॉयला आल्यावर पहिल्याच महिन्यात कुणीसं विचारलं होतं, "वानखेडे म्हणजे तुम्ही नक्की कुठले हो?" तो म्हणाला होता, "अमरावतीकडचे." विचारणाऱ्यानं स्वतःच स्वतःला उत्तर दिलं, "हां हां, म्हणजे तिकडचे पाटील-देशमुख मंडळी." भानुदास हसला होता. हो म्हणाला नव्हता, नाही म्हणाला नव्हता, नुसता हसला होता. त्या हसण्यावर त्याची आठ वर्षं निघाली. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो वरच्या मजल्यावर, झोपायच्या खोलीत. प्रणिता म्हणे, "खाली हॉलमध्ये आणू या ना." तो म्हणे, "आणू, रंग लावून झाला की." रंग लावून तीन वर्षं झाली होती.

एकदा श्रीरंगच्या घरी जेवण होतं. श्रीरंग पुण्याचा, तिथल्या मराठी मंडळाचा सेक्रेटरी, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचाही. कुणाची गाडी बर्फात अडकली तर फावडं घेऊन पहिला हजर. त्या दिवशी बोलता बोलता तो म्हणाला, "अरे यार, आमच्या वेळी त्या कोट्यातली पोरं पास कशी व्हायची तेच कळायचं नाही. आता कुठं असतील कोण जाणे!" टेबलावरचे हसले. भानुदासनं शेजाऱ्याला पापड दिला. प्रणितानं त्याच्याकडे पाहिलं, पण त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही.

आता त्याच श्रीरंगनं हा नकाशा पाहिला आणि तो हरखून गेला. "वानखेडे, हे दिवाळीच्या कार्यक्रमात दाखवायचं! पंधरा मिनिटं तुमची. आणि नकाशा मंडळाच्या वेबसाइटवर टाकू. लोक वेडे होतील."

भानुदासला बरं वाटलं. फार बरं वाटलं. आठ वर्षांत त्याला कुणी काही करून दाखव म्हटलं नव्हतं.

मंडळासाठी वेगळी फाइल करायला तो बसला. गूगल अर्थमध्ये प्रत्येक कप्प्यापुढे एक चौकोन असतो आणि चौकोनात बरोबरची खूण. खूण काढली की कप्प्यातलं सगळं नकाशावरून जातं. 'दीक्षाभूमी'पुढची खूण त्यानं काढली. आवाज नाही, काही नाही. निळी रेघ गेली. बडनेऱ्याच्या पूर्वेला मोकळी जमीन उरली, जणू रूळ तिथेच संपतात. त्याला वाटलं, कप्पा पुसला थोडाच आहे, नुसती खूण काढली. ही समजूत त्याला त्या वेळी पुरेशी वाटली.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये. दीडशे-दोनशे माणसं, रेशमी साड्यांची सळसळ, मागे जेवणाच्या डब्यांचा वास. राधाबाई पहिल्या रांगेत, शेजारी प्रणिता आणि उत्तरा. भानुदासनं व्यासपीठावरून ओळख करून दिली, "ही माझी आई." घरी तो तिला माय म्हणायचा.

गोल फिरत फिरत महाराष्ट्रावर आला आणि लाल रेघा दिसल्या मात्र, हॉलमध्ये गंमतच झाली. जो तो आपलं स्टेशन ओरडू लागला. "मनमाड! मनमाडला थांबा!" "अहो, दौंडचं कँटीन आहे का त्यात?" "भुसावळ, केळी!" एक आजोबा उभे राहून म्हणाले, "इगतपुरीला जरा मोठं करा हो, माझं बालपण आहे तिथं." भानुदास मोठं करी, तारीख सांगे, इंजिनचा नंबर सांगे, लोक टाळ्या वाजवत. त्याचे कान लाल झाले होते. तो खुलला होता.

तेवढ्यात श्रीरंग माइक घेऊन पुढे आला. "थांबा थांबा, एक चोरी सापडली!" तो मिश्कीलपणे म्हणाला. "हे गृहस्थ बडनेऱ्याचे. मुंबई झाली, दिल्ली झाली, बंगलोर झालं. आणि नागपूर तीन तासांवर, तिथं एकसुद्धा रेघ नाही! काय हो वानखेडे, संत्र्यांचं वावडं आहे का?"

हॉल हसला. भानुदासनं माउस घट्ट धरला. तो म्हणाला, "नाही, म्हणजे... योगच आला नाही कधी."

"हे काही पटत नाही बुवा. आपण आजींनाच विचारू." आणि श्रीरंगनं वाकून माइक राधाबाईंपुढे धरला. "आजी, खरं सांगा. ह्याला कधी नागपूरला नेलं नाहीत?"

राधाबाईंनी पडद्याकडे पाहिलं. बडनेऱ्याच्या पुढची मोकळी जमीन त्यांना दिसत होती. मग त्यांनी वर, व्यासपीठावर उभ्या असलेल्या लेकाकडे पाहिलं. भानुदासला ती नजर चुकवता आली असती, पण त्यानं चुकवली नाही. आणि त्या नजरेत त्यानं काय केलं असेल, तर विनवलं. सदतीस-अडतीस वर्षांचा माणूस, शाळेत मार चुकवायला आईकडे बघावं तसा बघत राहिला.

म्हातारीनं माइक दोन्ही हातांनी धरला. "नाई गेलो बापा," त्या म्हणाल्या. "कामातून सवडच नाई भेटली कधी."

लोकांनी आजींसाठी टाळ्या वाजवल्या.

घरी येताना गाडीत मागून उत्तरा म्हणाली, "बट आजी, तू मला सांगितलं होतंस. यू वॉक्ड. तू आणि आजोबा आणि बाबा. बाबा आजोबांच्या खांद्यावर झोपला. वॉज दॅट नॉट ट्रू?"

"खरं आहे ते," राधाबाई म्हणाल्या.

"देन व्हाय डिड यू से नो?"

राधाबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. घर आल्यावर उत्तरा आणि आजी आत गेल्या. गॅरेजमध्ये प्रणिता दरवाजा धरून उभी राहिली. "किती वेळ लागला रे?" तिनं विचारलं. "ती खूण काढायला?"

"प्रणिता..."

"सांग ना. एक सेकंद? दोन? नाही, मला फक्त माहिती हवी. नोंदी ठेवणारा माणूस आहेस तू."

ती चिडली हे बरं झालं, असं त्याला वाटलं. चिडलेल्या माणसापुढे मान खाली घालता येते. आई मात्र चिडलीच नाही. रविवारी तिनं नेहमीसारखा चहा केला, ज्वारीचं पीठ इथं कुठल्या दुकानात चांगलं मिळतं ते विचारलं. कालचा विषयच नाही. लेकाला नोकरी करायची, चार लोकांत राहायचं, त्यानं केलं असेल काहीतरी विचार करून, असंच जणू तिनं ठरवून टाकलं होतं. हे त्याला जास्त लागलं. तो जिन्यात भेटला तरी ती बाजूला होऊन वाट देत होती, जणू घर त्याचं होतं आणि ती पाहुणी होती.

सोमवारी सकाळी तो ऑफिसला जायच्या घाईत बूट घालत होता. वरच्या खोलीत राधाबाईंची वंदना चालू होती. रोजची. पंचशील त्यांना तोंडपाठ. वाचता येत नसलं तरी एक अक्षर इकडचं तिकडे होत नसे. भानुदास लहानपणापासून ते ऐकत आलेला. कान न देताही ते त्याला ऐकू येई, घड्याळाच्या टिकटिकीसारखं. पहिलं शील झालं. दुसरं झालं. तिसरं झालं. मग आवाज थांबला.

त्याचा हात बुटाच्या नाडीवर तसाच राहिला.

जरा वेळानं पाचवं शील ऐकू आलं. चौथं, खोटं न बोलण्याचं, म्हातारीनं गाळलं होतं.

ह्या बाईनं आयुष्यात रेल्वेच्या साहेबापुढे खोटं सांगितलं नव्हतं, की शेजारणीला उसनी साखर नाही म्हणून सांगितलं नव्हतं. दसऱ्याच्या गर्दीत तिकीट कोण तपासतंय, तरी नवऱ्याचा पास काढल्याशिवाय ती गाडीत पाय ठेवत नसे. आणि आता पंचाहत्तरीला टेकल्यावर, सातासमुद्रापार येऊन, दोनशे अनोळखी माणसांसमोर ती खोटं बोलली होती. कारण वरून लेक बघत होता.

मंगळवारीही तेच झालं. बुधवारीही.

बुधवारी संध्याकाळी तो ऑफिसातून लवकर आला. राधाबाई स्वयंपाकघरात मेथी निवडत होत्या. तो कोटही न काढता समोरच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माय, मी नकाशा बदलतो. नागपूरचे नऊही टाकतो. आजच मंडळाला पाठवून देतो."

"टाक ना," त्या म्हणाल्या. एक काडी मोडली. "अन् मंग माह्यं काय?"

"तुझं काय?"

"अरे, त्या एवढ्या लोकायसमोर म्या सांगतलं का आमी गेलो नाई. उद्या तू नकाशा दाखवशीन. लोक म्हणतीन, म्हातारी लबाड आहे. असं बघ, तुह्यं काम होऊन जाईन गुपचूप. माह्यं नाई होत."

हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्यानं आपल्यापुरता एक सोपा मार्ग काढला होता, पुन्हा एकदा एका खुणेचा. खूण काढली तेव्हाही कुणाशी बोलावं लागलं नव्हतं, आणि खूण घालतानाही कुणाशी बोलायचं नाही असाच त्याचा बेत होता. मधे आई तेवढी खोटी पडली असती.

"मी काय करू मग?" त्यानं विचारलं. विचारतानाच त्याला कळलं की हाही प्रश्न आपण तिच्यावरच टाकतोय.

राधाबाईंनी मेथीचं ताट बाजूला सारलं. "शील मोडलं तं परत घेता येते रे. रोज कायले घेतो मंग आपण? पण मोडलं, असं आधी म्हणा लागते. तोंडानं. मी कोणाले म्हणू? तिथं कोणी ओळखीचं नाई माह्यं. त्या माइकवाल्या पोराले सांगा लागीन."

"मी सांगतो."

"माह्या मागं नको सांगू. मले घेऊन चाल."

शनिवारी सकाळी ते दोघंच श्रीरंगकडे गेले. प्रणितानं येऊ का विचारलं. "नको," तो म्हणाला, आणि ती वर गेली. रस्त्यात त्यानं चार-पाच वाक्यं मनात जुळवली. श्रीरंगच्या दारात बेल वाजवली तेव्हा त्यातलं एकही शिल्लक नव्हतं.

श्रीरंगच्या बायकोनं, वसुधानं, पोहे केले होते. "आजी, या या! अहो, परवा सगळे तुमचीच आठवण काढत होते." श्रीरंग लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसलेला. तेच टेबल. त्याला वाटलं होतं, वानखेडे नकाशातलं काही दुरुस्त करायला आलेत. तसे ते आलेच होते.

भानुदासनं फाइल उघडली, कप्पा शोधला आणि खूण केली. निळी रेघ बडनेऱ्याहून निघून नागपूरला पोचली.

"अरे!" श्रीरंग म्हणाला. "म्हणजे गेला होतात की तुम्ही!"

"नऊ वेळा. दर दसऱ्याला. दीक्षाभूमीला जायचो आम्ही." त्याला आपला स्वतःचा आवाज फार लहान वाटला. "आम्ही बौद्ध आहोत, श्रीरंग."

श्रीरंगचा चेहरा क्षणभर कोरा झाला आणि लगेच सैल पडला. तो मनापासून हसला. "अहो मग? एवढंच ना? आपण कुठं मानतो यार हे सगळं! अमेरिकेत आलो, संपलं. तुम्ही उगाचच टेन्शन घेतलंत."

संपलं, हे सांगणं किती सोपं होतं, आणि ते ऐकून मान डोलावणंही तितकंच सोपं होतं. मान डोलावली असती तर पोहे खाऊन घरी जाता आलं असतं.

"श्रीरंग," वसुधा म्हणाली. ती हातात लिंबाची फोड धरून उभी होती. "ह्याच टेबलावर तू ते कोट्याचं बोलला होतास. हे समोरच बसले होते."

श्रीरंगनं तिच्याकडे पाहिलं, मग भानुदासकडे. त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, नुसतं त्यातून हसणं निघून गेलं. "ते मी... म्हणजे मला काय माहीत..."

"राहू द्या बाई," राधाबाई म्हणाल्या. "त्याचं तो पाहीन. आमी आमच्या कामाले आलो."

भानुदासनं खुर्ची थोडी मागे घेतली. "सांगायचं ते वेगळंच आहे. त्या दिवशी आईनं तुम्हाला नागपूरला गेलो नाही असं सांगितलं. ते खोटं होतं. ती माझ्यासाठी खोटं बोलली. मी वरून तिच्याकडे तसं बघत होतो. मला लाज वाटत होती, कोण काय म्हणेल ह्याची. आणि ते झाकायला मी तिला..." पुढचा शब्द त्याला सापडेना.

वसुधा हळूच राधाबाईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसली.

"मोडलं माह्याकडून," राधाबाई श्रीरंगला म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. एखाद्यानं शेजाऱ्याची कपबशी फुटली म्हणून सांगावं तशा. "खोटं बोललो मी तुमच्याशी. सांगा लागते म्हणून आलो."

"आजी, अहो, असं काय..." श्रीरंग उठून उभा राहिला. मग पुन्हा बसला. त्यानं लॅपटॉप आपल्याकडे ओढला, कारण हातांना काहीतरी करायला हवं होतं. "मग... हा नवा नकाशा टाकू ना मी वेबसाइटवर? नुसताच टाकू? का खाली काही लिहायचं?"

भानुदासची मान आपोआप आईकडे वळली. मानेला तिकडे वळायची सवयच होती. राधाबाई पोह्यांतले शेंगदाणे एकेक करून बाजूला काढत होत्या, दात नसल्यामुळे. त्यांनी वर पाहिलं नाही. मुद्दाम पाहिलं नाही, की शेंगदाण्यांमुळे, हे त्याला कधीच कळलं नाही. पण आपण पुन्हा तिच्याकडेच बघतोय हे त्याला कळलं आणि मानेपासून कानांपर्यंत त्याला गरम झालं.

"लिहा," तो म्हणाला. "लिहा, की आधीच्या नकाशातून दीक्षाभूमीचे नऊ प्रवास भानुदास वानखेडे ह्यानं लपवले होते. आणि त्याची आई कार्यक्रमात नाही म्हणाली ती त्याला सांभाळून घ्यायला."

"लपवले? की राहून गेले असं..."

"लपवले."

श्रीरंगनं टाइप केलं. मराठी टाइप करायला त्याला वेळ लागत होता, एकेक अक्षर शोधावं लागे. भानुदास पडद्यावर ती अक्षरं उमटताना बघत बसला. त्याला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. हलकं वगैरे काही वाटलं नाही. आता हे उद्या दोनशे घरांत उघडेल, कुणी फोन करेल, कुणी करणार नाही, कुणी पुढच्या वेळी जरा जास्तच गोड बोलेल. ह्यातलं काहीही झालं तरी ते आठ वर्षं उशिरानं होणार होतं.

निघताना वसुधानं राधाबाईंना वाकून नमस्कार केला. श्रीरंग गाडीपर्यंत आला, दार उघडून धरलं, काही बोलायला गेला आणि "सावकाश जा" एवढंच म्हणाला.

बिग बीव्हर रोडवर आल्यावर राधाबाई म्हणाल्या, "आज बोलला तू."

"हो."

"चांगलं केलं." त्यांनी सीटबेल्ट गळ्याला काचत होता तो जरा सैल केला. "पण त्या दिवशी बोलला असता, तं मले बोला लागलं नसतं."

भानुदासनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"हाव, माय," तो म्हणाला.